लोणारच्या काठाने कमळजेपर्यंत

२४ जानेवारी २०२४ रोजी, बुधवारी, मी आणि माझी नणंद बुलढाणा जिल्ह्यातल्या, उल्केच्या आघाताने झालेल्या लोणारच्या विवरात उतरलो, सरोवराच्या काठाने कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत चाललो आणि आल्या वाटेने परत वर आलो. डोंगरदऱ्या फिरणाऱ्यांना ही वाट किरकोळ वाटेल आणि ती तशी आहेही. सगळे मिळून अंतर पाच किलोमीटरच्या आसपास भरले असावे. मला मात्र तेवढ्यासाठी दोन वर्षे लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये घरातल्याच जिन्यावरून घसरून माझ्या उजव्या घोट्याचे हाड मोडले, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला, आणि हाड जुळले तरी उताराची जी भीती मनात बसली ती काही केल्या जाईना. वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण झालेल्या, कधीही ट्रेक न केलेल्या बाईला लोणारला खाली उतरता येईल का, हे मी बऱ्याच ठिकाणी शोधले. सापडले ते वरून काढलेले फोटो आणि तरुण मुलांचे ‘अगदी सहज होते’ असे अभिप्राय. म्हणून हे थोडे तपशिलाने लिहिते आहे.

लोणारच का, तर कमळजेमुळे. माझ्या सासूबाई दर नवरात्रात या देवीचे नाव घेत आणि ‘एकदा खाली जाऊन ओटी भरायची आहे’ असे म्हणत. ते त्यांच्या हातून झाले नाही. वन्सं निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यांना देवीइतकेच त्या खाऱ्या पाण्याचेही कुतूहल होते. ‘वहिनी, तुमचा पाय आणि माझे गुडघे मिळून एक धड माणूस होतो, चला,’ असे त्या दिवाळीत म्हणाल्या आणि तिथून तयारी सुरू झाली.

सर्वांत आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी एक्स-रे पाहून सपाट चालण्याला हरकत घेतली नाही, पण उताराबाबत ते सावध होते: चढताना दम लागतो, पण घोट्यावर आणि गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो, तेव्हा सराव उतरण्याचा करा. विवराच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३० ते १४० मीटर आहे. आमच्या तीन मजली इमारतीचा हिशेब केला तर जिन्याच्या चौदा खेपा होतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तीन खेपांपासून सुरुवात केली, दर चार दिवसांनी एक वाढवली आणि संक्रांतीपर्यंत बारावर पोहोचले. शेजाऱ्यांनी पहिले काही दिवस चौकशी केली, नंतर सोडून दिली. सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत तासभर चालणे वेगळे. या सगळ्यात खर्च झाला तो टोकाला रबर असलेल्या एका हलक्या काठीचा, ४५० रुपये. आणि हा खर्च सर्वांत योग्य ठरला.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. २६ जानेवारी शुक्रवारी येत होता, म्हणजे त्याला जोडून शनिवार-रविवार गर्दीचे. त्याआधीचा आठवड्याचा मधला दिवस बरा. शिवाय शाकंभरी नवरात्र चालू होते. उन्हाळ्यात तिथे जाऊच नये, असे सगळ्यांनीच सांगितले होते. विवराच्या तळाशी वारा लागत नाही आणि बेसाल्टचा काळा कातळ तापतो. पावसाळ्यात झाडी सुंदर होते, पण पायवाट निसरडी. माझ्यासारखीसाठी डिसेंबर-जानेवारी हाच काळ.

मंगळवारी छत्रपती संभाजीनगरहून सकाळची एसटी धरली, जालन्याला बस बदलली आणि मंठामार्गे लोणारला पोहोचलो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने दोघींचे एका बाजूचे भाडे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास झाले. जालन्यात पुढच्या बससाठी सव्वा तास थांबावे लागले, तेव्हा वेळेचे गणित घट्ट बांधू नये. मुक्कामाची खोली मी आठवडाभर आधी फोनवर सांगून ठेवली होती; पोहोचल्यावर कळले की नोंद झालेलीच नाही. गावातच दुसरीकडे ९०० रुपयांत साधी, स्वच्छ खोली मिळाली, पण त्या तासाभराच्या फिरण्यात घोटा दुखायला लागला आणि उद्याचे जमणार नाही असे वाटून मी रात्री बराच वेळ जागी होते. आगाऊ थोडे पैसे पाठवून त्याची पोच घेतली असती तर हे टळले असते.

वाटाड्या मात्र खोलीच्या मालकांनीच मिळवून दिला. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते, लहानपणी याच विवरात त्यांच्या घरची गुरे चरायला येत. सहाशे रुपये ठरले. पायवाट शोधण्यासाठी वाटाड्या लागतो असे नाही, पण दोन वयस्कर बायकांनी एकट्याने जाण्याची ही जागा नव्हे. लोणार सन २००० पासून वन्यजीव अभयारण्य आहे, झाडी दाट आहे आणि सूर्यास्ताच्या आत वर यावेच लागते.

बुधवारी सकाळी साडेसातला निघायचे ठरले आणि निघालो सव्वाआठला; चूक आमची. उतरण्याआधी प्रवेशाच्या नोंदवहीत नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्राचा तपशील लिहायचा होता. आम्ही दोघींनी आधार कार्डाचे फोटो फोनमध्ये ठेवले होते. माझा फोन रात्री चार्जिंगला लावायचा राहून गेला होता आणि वन्सं त्यांचा फोन खोलीवर विसरून आल्या होत्या. वाटाडे दुचाकीवरून जाऊन पिशवीतले मूळ कार्ड घेऊन आले, तोवर आम्ही कट्ट्यावर बसून राहिलो. ओळखपत्राची एक झेरॉक्स अंगावरच्या खिशात ठेवावी. प्रवेशाचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही; सुटे पैसे ठेवावेत, आणि मिळालेली पावती वर येईपर्यंत जपावी. प्लास्टिक खाली टाकून येऊ नये, हे तिथे आवर्जून सांगतात. ओटीचे सामान आम्ही कापडी पिशवीतच नेले होते. नारळाभोवतीची प्लास्टिकची पिशवी तेवढी काढून वर ठेवली.

आम्ही गोमुखाच्या बाजूने उतरलो. गावातले लोक या जागेला धारही म्हणतात. कड्यातून गोड्या पाण्याची धार बारा महिने पडते आणि बायका-पुरुष तिच्याखाली स्नान करतात. इथवर पायऱ्या आहेत आणि कठड्याला धरून उतरता येते. त्याखाली खरी पायवाट सुरू होते. माझी भीती ज्या टप्प्याची होती तो हाच: सुटे दगड, त्यांवर वाळलेल्या पानांचा थर, आणि दगड स्थिर आहे की डुगडुगणारा हे पाय ठेवल्यावरच कळणार. वाटाड्यांनी एक साधी युक्ती सांगितली. तोंड सरळ खाली न करता थोडे आडवे व्हायचे, काठी उताराच्या बाजूला टेकायची, दुखरा पाय आधी खाली टाकायचा आणि मग दुसरा त्याच्या जवळ आणायचा, लहान मूल जिना उतरते तसे. बघायला ते फारसे शोभत नाही, पण त्या रीतीने मी एकदाही पडले नाही. एका जागी मात्र दगड सरकला, मी मट्कन खाली बसले आणि तिथेच दोन-तीन मिनिटे बसून राहिले. पाय दुखावला नव्हता, पण हात थरथरत होते. वन्सं काही बोलल्या नाहीत. पाण्याची बाटली पुढे केली आणि झाडावरचे वानर दाखवत राहिल्या. धारेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत यायला आम्हाला पस्तीस-चाळीस मिनिटे लागली. तरुण माणूस पंधरा मिनिटांत उतरतो.

खाली आल्यावर सगळेच बदलते. वर गावाचा, लाऊडस्पीकरचा, मोटारींचा आवाज होता. इथे तो एकदम तुटतो. साग, कडुनिंब, सीताफळ, चिंच, बाभूळ यांची झाडी भोवती आणि तिच्यामधून समोर हिरवट पाण्याचे ताट. विवराचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि सरोवराचा सुमारे १.२ किलोमीटर, हे आकडे मी वाचून गेले होते, पण वरून पाहताना त्यांचा अंदाज येत नाही. खाली उभे राहून वर पाहिले, चारही बाजूंनी एकसारखी उठलेली कड दिसली, तेव्हा आपण एका आघाताच्या खड्ड्यात उभ्या आहोत हे अंगावर आले. उल्का कधी पडली याबद्दल शास्त्रज्ञांचे अंदाज फार दूरदूरचे आहेत. आधीच्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षे निघाली होती, पुढे खडकातल्या आरगॉन वायूवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार. वन्संनी हे वाटाड्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘बाई, आमच्याकडं तर लवणासुराची गोष्ट आहे, तिला तारीखच नाही.’ गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: लवणासुर इथे जमिनीखाली दडून राहत होता, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात त्याला मारले, त्याच्या डोक्यावरचे झाकण उडाले आणि हा खड्डा झाला. आकाशातून काहीतरी आले आणि जमीन फुटली, एवढे दोन्हींकडे सारखेच आहे.

वासाबद्दल मात्र आधीच ऐकून घ्या. पाण्याजवळ गेले की कुजलेल्या शेवाळाचा आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, कधी मंद तर कधी नाक धरायला लावणारा. दहा-पंधरा मिनिटांत नाकाला सवय होते, पण रिकाम्या पोटी किंवा अगदी भरल्या पोटी जाऊ नये. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती; ती वासामुळे काठावर न खाता थोडे वर, झाडाखाली बसून खाल्ली.

काठाची वाट जवळजवळ सपाट आहे. कुठे पाण्यापासून दहा पावलांवरून जाते, कुठे झाडीत शिरते, आणि पाणी वाढलेले असेल तिथे वळसा घालून वरून जाते. पाण्यालगतच्या पांढुरक्या पट्ट्यावर पाय देण्याचा मोह होतो, कारण तो वाळलेला दिसतो. वाटाड्यांनी काठीचे टोक त्यात रोवून दाखवले. वीतभर काठी आत गेली आणि बाहेर आली ती काळ्या चिखलाने माखून. वर खाराचा पातळ पापुद्रा आणि खाली रबडी. हा खार पूर्वी इथून काढला जात असे. साबण आणि काच करण्याच्या कामी येणारे पदार्थ इथे मिळतात, असा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. पाण्यात शेकाट्यांची एक रांग लाल काड्यांसारख्या पायांवर उभी होती, थोडे आत टिबुकल्या बुड्या मारत होत्या आणि दूर चक्रवाकांची एक जोडी होती. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. खारटपणा वाढून त्यात रंगद्रव्य धरणारे मिठाळ पाण्यातले सूक्ष्मजीव वाढल्याने तसे झाले होते. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. राज्यात नांदूरमध्यमेश्वरानंतर हे दुसरे. आम्हाला दिसले ते शेवाळी हिरवे पाणी. गुलाबी रंगाच्या अपेक्षेने जाऊ नये.

रामगयेच्या मंदिराजवळ माझ्या बुटाने दगा दिला. घोटा मोडण्याआधी घेतलेले चांगल्या प्रतीचे स्पोर्ट शूज मी दोन वर्षे कपाटात ठेवले होते आणि ‘नवेच आहेत’ म्हणून तेच घालून आले होते. उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला आणि पाऊल उचलले की फटफट वाजू लागला. न वापरता ठेवलेल्या बुटांचा डिंक आणि फोम आपोआप सुटतो, हे मला नंतर कळले. जिन्याचा सराव मी घरच्या चपलांवर केला होता, तेव्हा ही गोष्ट आधी लक्षात येण्याचा मार्गच नव्हता. वाटाड्यांनी ओटीच्या पिशवीची नाडी काढली, सोलखालून दोन वेढे घेऊन घोट्याच्या वर गाठ मारली आणि म्हणाले की आता सावकाश चाला. चालण्याआधी पंधरा दिवस तेच बूट रोज घालावेत आणि पिशवीत दोन हात सुतळी ठेवावी. मंदिर आम्ही त्यामुळे बाहेरूनच पाहिले. काळ्या दगडाचे हेमाडपंती बांधकाम, आतून वटवाघळांचा वास, आणि झाडांची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरलेली. काठावर अशी बरीच मंदिरे आहेत, काही शाबूत, काही ढासळलेली. हौस असेल त्यांनी त्यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवावा. आम्ही ठेवला नव्हता.

कमळजेला पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मंदिर दक्षिण काठावर, पाण्याच्या अगदी जवळ आहे. आश्विनातल्या नवरात्रात इथे यात्रा भरते. त्या दिवशी आमच्याशिवाय चार-पाच माणसे होती. सासूबाईंच्या पेटीतला खण वन्संनी आणला होता. आम्ही ओटी भरली, हळदीकुंकू वाहिले, आणि एकमेकींना लावले. पौष महिना, घरोघर संक्रांतीचे हळदीकुंकू चालू असताना ते इथे झाले याचे मला बरे वाटले. वन्संनी डोळे पुसले आणि लगेच चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

त्यानंतर जे झाले ते मला सबंध दिवसात सर्वांत जास्त आवडले. माझ्या उजव्या तळव्यावर हळद लागली होती. वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, हात तसाच ठेवा, पुसू नका.’ वाटाड्यांनी दाखवलेल्या घट्ट दगडावर उभे राहून त्यांनी दोन बोटे पाण्यात बुडवली आणि माझ्या तळव्यावर टेकवली. पिवळ्या हळदीत दोन तांबडे ठिपके उठले, बघता बघता पसरले आणि कुंकवासारखे लालसर झाले. पाणी नुसते खारट नाही, आम्लारीधर्मी आहे, त्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो आणि हळद अशा पाण्यात लाल होते, हे त्यांनी शाळेत लिटमस संपल्यावर चुन्याच्या निवळीने कितीतरी वर्गांना दाखवले होते. मग त्यांनी आमच्या बाटलीतल्या लिंबाच्या सरबताचे दोन थेंब त्याच ठिपक्यांवर टाकले. रंग पुन्हा पिवळा. वाटाडे आतापर्यंत शांत होते. त्यांनी स्वतःच्या तळव्यावर हळद घेतली, पाणी लावले, सरबत मागून घेतले आणि मुलाला दाखवायचे म्हणून दुसऱ्यांदा करून पाहिले.

संपूर्ण सरोवराला प्रदक्षिणा घालण्याचा आमचा मूळ बेत होता. पुढची वाट ओली आहे आणि झाडी वाढली आहे, असे समोरून आलेल्या दोघांनी सांगितले. बूट नाडीने बांधलेला, घोट्याला हलकी सूज. मी वाटाड्यांकडे पाहिले, ते आकाशाकडे पाहू लागले. आल्या वाटेने परत फिरायचे ठरवायला आम्हाला अर्धे मिनिटही लागले नाही.

परतीचा चढ मी भ्याले होते तितका अवघड नव्हता. दर पन्नास पावलांनी थांबायचे, थांबल्यावर बसायचे नाही, पाणी घोटभरच प्यायचे, असा नेम केला. दोघींत मिळून तीन लिटर पाणी नेले होते आणि ते बरोबर पुरले. खाली पिण्याच्या पाण्याचे दुकान वगैरे काही नाही, स्वच्छतागृहाची सोयही वर असतानाच करून घ्यावी. चढाला पंचावन्न मिनिटे लागली. धारेजवळ आलो तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटे कमी होती. गार पाण्याच्या धारेखाली घोटा पाच मिनिटे धरून ठेवला. त्यानंतर नोंदवहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायला मी विसरत होते; वाटाड्यांनी परत बोलावले. ही नोंद करायची, नाहीतर तुम्ही खालीच आहात असे धरले जाते.

खर्चाचा हिशेब दोघींचा मिळून असा झाला: जाण्यायेण्याची एसटी साडेचारशेच्या आसपास, दोन रात्रींची खोली १,८००, वाटाडे ६०० (आम्ही आनंदाने शंभर जास्त दिले), जेवणखाण आणि रिक्षा मिळून ९००. काठी आता घरातही वापरात आहे, तिचा पैसा वसूल होतो आहे.

गुरुवारी सकाळी घोट्यावरची सूज बोटभर होती, ती गरम पाण्याने आणि पट्टीने उतरली. त्यामुळे गावातल्या दैत्यसूदन मंदिरात आम्ही अगदी सावकाश गेलो आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बसून बसून पाहिल्या. दुपारी जालन्याच्या स्थानकाबाहेर एका चर्मकाराकडे बूट दिला. त्याने सोल उचलून आतला चुरा बोटाने झाडून दाखवला आणि डिंक धरणार नाही, शिवावाच लागेल, असे सांगितले. ऐंशी रुपये घेतले, आणि पिशवीची नाडी घडी करून माझ्या हातात परत दिली.